उठबस

गावाकडून फोन येतो, आत्याची चौकशी होते आणि पलीकडून उत्तर मिळतं, "तशी बरी आहे, पण आता उठबस होत नाही तिची." एवढ्या एका वाक्यात ऐकणाऱ्याला सगळं कळतं. रक्तदाब किती, साखर किती, हे नंतरचे प्रश्न. उठबस गेली म्हणजे रात्री संडासाला जाताना कोणीतरी सोबत लागणार, देवासमोर पाटावर बसणं सुटलं, लग्नकार्याला येणं सुटलं. या शब्दाला मराठीत आणखी एक अर्थ आहे. घरी आल्यागेल्याची उठबस असते, चार लोकांत माणसाची उठबस असते. शरीराची पहिली उठबस थांबली की ही दुसरीही फार दिवस टिकत नाही.

गंमत अशी की ही एकच हालचाल मराठी माणसाला तीन नावांनी भेटते. तालमीत ती बैठक. शाळेत कान धरून काढायच्या त्या उठाबशा. आणि उतारवयात उठबस. पहिलीचा अभिमान, दुसरीची शरम, तिसरीची काळजी. मांडीचे, नितंबांचे, पोटरीचे स्नायू मात्र तिन्हींत तेच कामाला लागतात. फिजिओथेरपिस्टकडे गेलं तर तो याच हालचालीला 'सिट टू स्टँड' म्हणतो आणि कागदावर लिहून देतो: दहा वेळा, दिवसातून दोनदा. कागद घडी घालून फाइलीत जातो, आणि घरी आल्यावर सून म्हणते, "तुम्ही बसा, मी देते ना पाणी."

पुढच्या पानांचा विषय या कागदाभोवतीच फिरतो. जिमचे पैसे न भरता शरीर कामाचं कसं ठेवावं, आणि ज्यांचं शरीर आधीच कुठेतरी अडलं आहे, म्हणजे गुडघा, पाठ, अर्धांगवायू, पोलिओ, व्हीलचेअर, त्यांनी सुरुवात कुठून करावी, असा हा विषय आहे. वजन किती उतरेल, पोट कधी सपाट होईल, हे प्रश्न इथे मुद्दामच मागच्या बाकावर बसवले आहेत.

जून 2024 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात जगभरातल्या हालचालीचा हिशेब आला. 2022 साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के, बायकांत 57. सन 2000 मध्ये देशाचा हाच आकडा 22 टक्क्यांच्या आसपास होता. याच बावीस वर्षांत काचेच्या भिंतींची, मोठ्या आवाजात गाणी लावणारी जिम तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली, हे लक्षात घेतलं की आकडा जास्तच बोचतो. जिमचा यात दोष नाही. तिथे जाणाऱ्यांचं भलंच होतं. पण निम्मा देश तिथे मावणार नाही, आणि ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे ते तिथल्या पायऱ्याच चढू शकत नाहीत.

हालचाल आणि हृदयविकार यांचं नातं शोधणाऱ्या अभ्यासातला एक मोठा टप्पाही एका जिन्यावरच गाठला गेला, तोही लंडनच्या बसमध्ये. जेरेमी मॉरिस या डॉक्टरनं दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या दुमजली बसवर काम करणाऱ्यांच्या हृदयविकाराच्या नोंदी तपासल्या. चालक आणि वाहक एकाच आगारातले, सारख्याच वस्तीतले, पगारातही फार फरक नाही. चालक पाळीचा बहुतेक वेळ बसून. वाहक मात्र तिकिटं फाडत रोज 500 ते 750 पायऱ्या चढउतार करणारा. मुंबईत 'बेस्ट'च्या डबल डेकरमधून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना हा वाहक डोळ्यांसमोर आणायला अडचण येऊ नये. 1953 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. वाहकांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी होता, झाला तर उशिरा होत होता आणि कमी जीवघेणा ठरत होता.

मॉरिस एवढ्यावर खूश होऊन थांबले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पुढे त्यांनी गणवेशांच्या नोंदी काढल्या आणि विजारींच्या कमरेची मापं तपासली. चालकांची कंबर नोकरीला लागतानाच वाहकांपेक्षा मोठी होती. म्हणजे फरकाचं सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं. टपालखात्यातले फिरून पत्रं वाटणारे पोस्टमन आणि खुर्चीवरचे कारकून यांचीही तुलना झाली होती, तिथेही तोच कल दिसला. नंतरच्या सत्तर वर्षांत तो पक्का होत गेला. या सगळ्यांत एकानंही व्यायाम म्हणून पायरी चढली नव्हती. मॉरिस स्वतः नव्व्याण्णव वर्षं जगले आणि 2009 मध्ये वारले.

असं काही वाचलं की मराठी वाचकाचा हात आपसूक आजीच्या जात्याकडे जातो. जातं, उखळ, पाटा-वरवंटा, विहिरीचं पाणी, शेणानं सारवणं; पूर्वीच्या बायकांना कुठे जिम लागत होती? प्रश्न अर्धाच खरा आहे. त्या श्रमांनी अंगात बळ राहत होतं हे कबूल, पण त्याच श्रमांनी पाठी वाकत, बाळंतपणानंतर आठवडाभरात हंडा डोक्यावर येई, आणि थकवा आला म्हणून कुणी विश्रांतीचा दिवस देत नसे. व्यायामात माणूस भार स्वतः ठरवतो आणि पुरे झाल्यावर थांबतो. पाट्यावरच्या वाटणाचं कौतुक बहुधा ज्यांना ते वाटावं लागलं नाही तेच करतात.

महाराष्ट्राला स्वस्तातल्या व्यायामाची खरी परंपरा आहे ती दुसरीकडे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत, आणि संस्थानातल्या शाळांमधून त्यांनी ते सक्तीचे केले. लागणारी सामग्री म्हणजे साडेसहा फूट जमीन. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या मंडळींनी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम. जोर, बैठका, सपाट्या, करेला, मुद्गल. यातलं काहीच विजेवर चालत नाही.

पण तालमीचा उंबरठाही तपासून पाहायला हवा. लाल मातीत उतरायचा तो धडधाकट मुलगा. बाईला तिथे जागा नव्हती, आणि लंगडणाऱ्या पोराला वस्ताद फार तर आखाड्याच्या कडेला बसू देई. शक्तीची उपासना करणाऱ्या परंपरेनं अशक्त माणसाला काय दिलं, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. मल्लखांबात मात्र याला एक सुंदर अपवाद आहे. दादरच्या शिवाजी पार्कवरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलींना मल्लखांब शिकवला. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. अंध मुलगी खांबाला पायांची तिढी घालून उलटी लटकते, तेव्हा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तिच्या हातापायांना खांब नेमका कुठे आहे हे पक्कं ठाऊक असतं.

आता पुन्हा त्या वाक्याकडे: "तुम्ही बसा."

1966 साली अमेरिकेत डॅलसला एक प्रयोग झाला. विशीतले पाच निरोगी तरुण तीन आठवडे बिछान्यात पडून राहिले. उठायचं नाही, चालायचं नाही. तीन आठवड्यांनी त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे दमाचं सर्वांत भरवशाचं मोजमाप, पाव हिश्श्याहून अधिक घसरली होती. नंतर व्यायाम देऊन ती भरून काढली गेली. खरी कमाल पुढे आहे. तीस वर्षांनी, पन्नाशीतल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं त्यांच्या दमाचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त नुकसान विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानं केलं होतं.

हे वाचून आपल्या घरांकडे पाहिलं तर अवघडल्यासारखं होतं. आपल्याकडे माया दाखवण्याची रीत म्हणजे हातातलं काम काढून घेणं. वडील भाजी आणायला निघाले की मुलगा म्हणतो, ॲपवरून मागवतो. सासूबाई ताट उचलायला वाकल्या की सून धावते. पडून खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाला तर घरचे महिनोन्‌महिने हलू देत नाहीत, डॉक्टर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी उभं करा म्हणून सांगत असताना. कुणाचाच हेतू वाईट नसतो. पण तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचा तीन ते आठ टक्के ऐवज तसाही कमी होत असतो, साठीनंतर वेग वाढतो. त्यात ही सेवा जमा झाली की उठबस जायला वेळ लागत नाही.

गेलेली ताकद म्हातारपणी परत येते का? बॉस्टनमधल्या एका वृद्धसेवा केंद्रात मारिया फियातारोन या डॉक्टरीणबाईंनी हे करून पाहिलं. त्यांचा अहवाल 1990 साली छापला गेला. केंद्रात राहणारे दहा अशक्त रहिवासी, सरासरी वय 90. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, पायांनी वजन उचलायचं, तेही लुटुपुटूचं नाही. जास्तीत जास्त जितकं झेपेल त्याच्या ऐंशी टक्क्यांच्या घरात. एकानं मध्येच सोडलं, नऊ जणांनी पुरं केलं. पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. हातांचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता न येणारे तिघे होते, त्यांतला एक जण हात न टेकता उठू लागला. मग व्यायाम थांबवला, तर चार आठवड्यांत कमावलेल्यातलं बरंचसं गेलंही.

त्या प्रयोगात वजनाची यंत्रं होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण स्नायूला यंत्र दिसत नाही, त्याला भार कळतो, आणि तो भार थोडाथोडा वाढत जातो का, एवढंच कळतं. तालमीतला वस्ताद हेच करतो: या आठवड्यात पन्नास जोर, पुढच्या आठवड्यात पंचावन्न. नव्वदीच्या म्हातारीसाठी हा हिशेब दोन उशांनी मांडता येतो.

कसा, ते डोंबिवलीतल्या किंवा सांगलीतल्या कुठल्याही दिवाणखान्यात दिसेल. हातांची प्लास्टिकची खुर्ची. पाठ भिंतीला टेकवलेली, म्हणजे फरशीवर सरकणार नाही. बसायच्या जागेवर दोन उशा, कारण बैठक उंच झाली की उठायला सोपं जातं. आजी अनवाणी, पायमोजे काढून ठेवलेले. आधी त्या खुर्चीच्या कडेला सरकतात. मग टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे ओढतात. ही पायरी बहुतेक जण विसरतात आणि मग पाय पुढे ठेवून नुसता जोर करत बसतात. आता पुढे वाकायचं, इतकं की नाक पायांच्या बोटांच्या वर यावं. ढुंगण आपोआप हलकं होतं. हातांनी खुर्चीचे हात रेटत उभं राहायचं. क्षणभर थांबायचं, चक्कर तर येत नाही ना ते पाहायचं.

आणि मग बसायचं. खरी गोम इथे आहे. दमलेलं माणूस धपकन बसतं, शेवटचा वीतभर टप्पा तर चक्क पडतं. हळू उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत भार झेलतो, त्यातच त्याचा मोठा फायदा. म्हणून उतरताना मोठ्यानं तीन मोजायचे. मोठ्यानं मोजण्याला आणखी एक कारण आहे: बोलणारा माणूस श्वास कोंडून धरू शकत नाही, आणि श्वास कोंडला की रक्तदाब चढतो.

पहिल्या दिवशी असं पाच वेळा झालं तरी पुष्कळ. आठवड्याभरात दहा होतात. मग एक उशी काढायची. मग दुसरी. मग एकच हात टेकायचा. मग हात छातीवर. कुठल्याही टप्प्याला महिना लागला तरी बिघडत नाही. किती प्रगती झाली ते पाहायला अर्ध्या मिनिटाची एक चाचणी जगभर वापरतात: हात छातीवर घडी करून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. अमेरिकेतल्या वृद्धांवरून ठरवलेल्या तक्त्याप्रमाणे साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला 12 पेक्षा कमी, पुरुषाला 14 पेक्षा कमी जमत असेल तर पाय कमजोर समजावेत. पंचेचाळिशीतल्या वाचकानं ही चाचणी गुपचूप करून पाहावी. काहींचा चेहरा पडेल.

"पण गुडघे झिजलेत ना!" ही पुढची हरकत. गुडघा म्हणजे एसटीचं टायर नव्हे. टायरला वापरानं फक्त झीज ठाऊक. गुडघ्याची कूर्चा दाब येतो-जातो तेव्हाच पोसली जाते, आणि मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की सांध्यावरचा धक्का तो वाटून घेतो. म्हणूनच झिजेच्या संधिवाताच्या उपचारांत गोळ्यांच्या आधी व्यायामाचा क्रमांक लागतो. ज्यांना उभं राहणंच दुखतं त्यांनी पलंगावर पाय लांब करून सुरुवात करावी: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. दुखण्याचा अदमास घ्यायचा नियमही सोपा आहे. करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळलं, तर चालू ठेवावं. सकाळी गुडघा सुजलेला असेल तर काल जास्त झालं.

न्यूझीलंडमधल्या ओटॅगो विद्यापीठानं 1990 च्या दशकात नेमकं हेच घराघरांत नेलं. ऐंशीच्या पुढच्या बाया, आपापल्या घरी राहणाऱ्या. फिजिओथेरपिस्ट पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा घरी येणार, पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम शिकवणार, घोट्याला बांधायची वजनं देणार, मग बाईनं आठवड्यातून तीनदा अर्धा तास ते करायचे आणि थोडं चालायचं. अशा प्रयोगांचे निकाल एकत्र मांडले तेव्हा पडण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशानं घटलेलं दिसलं. त्यात तोलाचा वाटा मोठा. स्वयंपाकाच्या ओट्याला हात लावून टाचेपुढे टाच ठेवून उभं राहणं, कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत, हा तोलाचा व्यायाम आहे. त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

रोज फिरायला जाणाऱ्यांना इथवरचं सगळं दुसऱ्या कुणासाठी लिहिलंय असं वाटू शकतं. पुण्यात तर पर्वती नाहीतर टेकडी रोज करणाऱ्यांचा एक वेगळाच थाट असतो. चालणं उत्तमच. पण सपाट रस्त्यावर गप्पा मारत चालण्यानं दंडांना, पाठीला, मांडीच्या ताकदीला फारसं काही मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींत आठवड्याला 150 ते 300 मिनिटांच्या मध्यम हालचालीच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोलाचा. मध्यम म्हणजे काय? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. सकाळच्या कट्ट्यावरची अनेक मंडळी या कसोटीला अख्खं नाट्यगीत म्हणतील.

मनगटावर पावलं मोजणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दहा हजारांचा आकडा कुठल्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकिओ ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, 1965 मध्ये, एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मापक'. नाव चाललं, आकडा जगभर गेला. पुढे 2019 साली सरासरी 72 वयाच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकी बायकांच्या पावलांचा अभ्यास झाला. दिवसाला 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. जिला तीन हजारही होत नाहीत तिच्यासाठी ही मोठी खुशखबर आहे.

आणि जिला एकही पाऊल टाकता येत नाही तिच्यासाठी?

2020 च्या त्याच शिफारशींत अपंगत्वासह जगणाऱ्यांसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र भाग आला. 150 मिनिटं त्यांनाही, ताकदीचे दोन दिवस त्यांनाही. सलग दहा मिनिटं झाली तरच मोजायची ही जुनी अटही गेली. कागदावर आलेलं हे शहाणपण प्रत्यक्षात बरंच जुनं आहे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गटमन या डॉक्टरनं मज्जारज्जू दुखावलेल्या सैनिकांना खेळायला लावलं, आणि 29 जुलै 1948 रोजी सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पॅरालिंपिकचं मूळ ते. धनुष्याची निवड दिखाऊ नव्हती. व्हीलचेअर ढकलायला, पलंगावरून खुर्चीत सरकायला जे खांदे आणि जी पाठ लागते, तेच दोरी ओढताना घडतात.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धा होते. 1965 च्या युद्धात सियालकोट भागात त्यांना गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. रुग्णालयात त्यांना पोहायला सांगितलं गेलं ते उपचार म्हणून. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं. त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा 2024 मध्ये आला आणि बऱ्याच मराठी घरांना हे नाव तेव्हा कुठे कळलं. पदकाइतकंच महत्त्वाचं आहे ते पाणी. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की शरीराचं वजन जवळपास निम्मं होतं, छातीपर्यंत गेलं की आणखी कमी. जमिनीवर पाय उचलू न शकणारा माणूस पाण्यात तो उचलतो. नगरपालिकेच्या किती तलावांत उतरायला रॅम्प आहे, हे ज्यानं त्यानं आपल्या गावात जाऊन पाहावं.

पाणी नसेल तर खिडकी आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्याचे खांदे दिवसभर ढकलत असतात. ढकलण्याचे स्नायू कामानंच मजबूत होतात, ओढण्याचे मागे पडतात, आणि खांदा दुखू लागतो. म्हणून त्याला ओढण्याचा व्यायाम हवा. सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणावी, व्हॉल्व्हचा भाग कापून टाकावा, आणि ती खिडकीच्या गजांत छातीच्या उंचीवर ओवावी. खुर्चीचे ब्रेक लावायचे, दोन्ही टोकं धरायची, कोपर मागे नेत ओढायचं, पाठीची पाती एकमेकांजवळ आणायची, आणि ट्यूब हळू सोडायची. दम वाढवायला बसल्या जागी हवेत ठोसे. तीन मिनिटांत कपाळावर घाम येतो.

इथे दोन-तीन सावधगिरी सांगायलाच हव्यात, कारण त्या साध्या पुस्तकांत नसतात. मज्जारज्जूला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल तर नाडीचे ठोके श्रमाच्या प्रमाणात वाढत नाहीत. अशा वेळी नाडी मोजून उपयोग नाही, किती दमल्यासारखं वाटतंय हेच माप. अशाच माणसाचं मूत्राशय भरलेलं असेल तर रक्तदाब एकाएकी भडकू शकतो, डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो. व्यायामाआधी ते रिकामं करावं, आणि असं झालंच तर ताठ बसवून ताबडतोब डॉक्टरांना गाठावं. संवेदना नसलेल्या त्वचेवर घासल्याची जखम कळत नाही, ती रोज डोळ्यांनी पाहावी लागते. आणि लहानपणी पोलिओ झालेल्यांनी, आज पन्नाशी-साठीत असलेल्यांनी, "अजून थोडं, अजून थोडं" हा मंत्र विसरावा. उरलेल्या चेतातंतूंनी आयुष्यभर दुप्पट काम केलेलं असतं, थकवेपर्यंत ताणलं तर होती ती ताकदही जाते. त्यांचा व्यायाम थकव्याच्या अलीकडे संपतो.

अडलेल्या शरीराला वस्तूंचा आधार देण्याची कला तर पुण्यातच पिकली. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात आले. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय असं सगळं झालेला हा मुलगा. आसन शरीराला जमत नसेल तर शरीराला रागवायचं नाही, त्याच्याखाली काहीतरी ठेवायचं, ही त्यांची युक्ती. लोड, घोंगडी, पट्टा, लाकडी ठोकळा, भिंतीतल्या दोऱ्या, पाठ काढून टाकलेली लोखंडी घडीची खुर्ची. 1979 साली स्कूटरच्या अपघातात त्यांचेच खांदे आणि मणका दुखावले, तेव्हा याच वस्तूंच्या आधारानं त्यांनी आपली आसनं पुन्हा उभी केली. ती घडीची खुर्ची आज जगभरच्या योगवर्गांत दिसते. आपल्याकडे मात्र 'खुर्चीवरचा योग' म्हटलं की काही जण अजून हसतात, जणू आधार घेणं म्हणजे कॉपी करणं.

अडचणी शरीरापुरत्या असत्या तर हे लिखाण इथेच संपलं असतं. बागेत ओपन जिम असते, पण तिथवर जायला फरशीची एक पायरी आडवी येते. फूटपाथवर दुचाक्या लावलेल्या. वाड्यातल्या जिन्याला कठडा नाही. पुरेशी हालचाल न होणाऱ्या त्या 57 टक्के बायकांचं कारण बऱ्याच अंशी घड्याळात आहे: सहाच्या डब्यापासून रात्रीच्या ओट्यापर्यंत सलग वीस मिनिटं त्यांच्या नावावर कुणी लिहीतच नाही, आणि हॉलमध्ये सगळ्यांसमोर हातपाय हलवायची लाज वेगळीच. दहा मिनिटांची अट गेल्याचा सर्वांत मोठा लाभ खरं तर त्यांना. दूध तापेपर्यंत ओट्याला हात टेकून जोर काढता येतात, तिरके, उभ्यानं. जमिनीवरचे जोर न जमणाऱ्यांसाठी ते चांगलेच आहेत.

पुढची प्रकरणं याच क्रमानं जातात: आधी बिछान्यातले व्यायाम, मग खुर्चीतले, मग भिंतीला धरून उभ्यानं, मग जिना, शेवटी जमीन. जमीन शेवटी, कारण मांडी घालून बसणं आणि तिथून हात न टेकता उठणं हे या सगळ्यांत अवघड आहे, तिशीतल्या संगणकवाल्यांनाही. ज्याला जिथून जमेल तिथून पान उघडावं. छातीत दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, साखरेमुळे बधिर झालेले तळपाय असं काही असेल तर पहिलं पान डॉक्टरांसमोर उघडावं.

सामान फार लागत नाही. चाकं नसलेली हातांची एक खुर्ची, टेकायला भिंत, पाण्यानं भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या, सायकलची ट्यूब, एक टॉवेल, दोन उशा. सेकंदकाटा असलेलं घड्याळ समोरच्या भिंतीवर असेल तर बरं. आणि घरात एक जण असा, जो पाण्याचा तांब्या आणून देणार नाही, पण आजी तो आणायला स्वतः उठल्या की शेजारी उभा राहून मोठ्यानं आकडे मोजेल.